मूठ

थर्मन,
पार्सल चॅलिसला पोचलं, ऑक्टोबरच्या चार तारखेला.
तू म्हणालास, हातचं राखून लिहू नकोस,
म्हणून दुकान बंद करून, हात दोनदा धुऊन बसलेय.
चरबीचा वास तरीही जात नाही;
कागदाला लागला तर समजून घे.

पातं आधी.
चार इंची, पोटाला गोलाई, टोक जरासं खाली उतरलेलं.
हे टोक मला आवडलं.
कातड्याखाली सरकतं आणि आतड्याला शिवत नाही,
रात्रपाळीहून आलेला माणूस
झोपलेल्या घरात शिरतो तसं.
पाच एल्क, एक अस्वल,
आणि शेजारणीचा न उघडणारा रंगाचा डबा
(हे खरं तर तुला सांगायचं नव्हतं).
तिसऱ्या एल्कनंतर एकदा चामड्यावर फिरवलं, बस.
पाणी छान दिलंयस.

पाठीवरच्या खाचा मात्र चावऱ्या आहेत.
अंगठा टेकायला दिल्यात की खवायला?
चौथ्या दिवशी हातमोज्याचा अंगठा गेला.
कानशीचे दोन हात मार त्यांच्यावर.

म्यान बोलतं.
टक्.
घरात काही नाही,
पण पहाटेच्या पाइनच्या रानात त्या एका टक्‌वर
व्हर्लिनच्या हातचा सहा फाट्यांचा नर गेला.
वर्षभर ऐकवेल मला. तुलाही.

नारिंगी पट्टी राहू दे,
लाकूड आणि पोलाद यांच्या मधली ती बारीक रेघ.
परवाच्या बर्फात आधी ती दिसली,
मग सुरी, मग माझा निष्काळजीपणा.

आता मूठ.
पातं सगळ्यांना एकच, मूठ ज्याच्या त्याच्या पसंतीची,
असं नवं काढलंयस. धंद्याला ठीक आहे,
गिऱ्हाइकांची रांग तरी हलेल.
मी मेपलच्या गाठीचं लाकूड मागितलं, तू तेच लावलंस.
लाकूड माझं, रंग माझा.
माप कुणाचं?
माझ्या हातात ती भरून वर उरते.
तळव्यापाशी फुगीर, करंगळीकडे रुंद,
बोटं पुरती वळवावीच लागत नाहीत.
म्हटलं, घाईत राहिलं असेल.
मग खणातून तुझी जुनी काढली,
खिंडीपलीकडे वणवा लागला त्या वर्षीची.
दोन्ही शेजारी ठेवून टेप लावली.
पाव इंचाचा फरक.
व्हर्लिनकडे मधल्या काळातली एक आहे,
तीही मागवून घेतली.
तिची मूठ दोघींच्या बरोबर मधोमध.

मी कातडं सोलताना सांगू शकते, थर्मन,
जनावर किती हिवाळे जगलं,
कुठल्या पायानं लंगडत होतं.

झाकली मूठ राहू दे, असं म्हटलं असतं,
पण तुझी आता झाकतच नाही ना रे, पूर्वीसारखी?
सकाळी कॉफीच्या मगाभोवती ठेवून
बोटं सैल व्हायची वाट बघतोस ना?
माझा बाप तसंच करायचा
आणि म्हणायचा, थंडी फार पडलीय.
जुलैतसुद्धा.

तर अभिप्राय असा:
मला ती जाड आहे.
बारीक करू नकोस.
खाचा घास, म्यानाला आतून लोकर लाव,
आणि ही मूठ यादीत राहू दे, एक वेगळा पर्याय म्हणून.
नाव काहीही ठेव, फक्त दुखण्याचं ठेवू नकोस.
इथे निम्मं गाव साठीपलीकडचं आहे.
तोंडानं कोणी मागणार नाही,
पण हातात घेतील, आणि परत खाली ठेवणार नाहीत.

माझी परत पाठवत नाहीये.
अजून मोठी होतेय मला.
दाराजवळच्या खिळ्याला टांगलीय.

डेल्फा